लांझा देल व्हास्तो

लांझा देल व्हास्तो : (२९ सप्टेंबर १९०१–जानेवारी १९८१). इटलीत जन्मलेला व मुख्यतः फ्रेंच भाषेत लेखन करणारा कॅथलिक तत्त्वज्ञ, कवी आणि अहिंसक सामाजिक चळवळींचा प्रवर्तक. ‘शांतिदास’ हे त्याचे दुसरे नाव असून ते त्याला महात्मा गांधींनी दिले. वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे (तत्कालीन सेगाव) १९३७ मध्ये गांधीजींच्या सहवासात घालविलेले सुमारे तीन महिने त्याच्या पुढील कार्याचा पाया ठरले. फ्रान्समध्ये १९४८ साली त्याने ‘आर्क’ (नोहाची नौका) हा श्रमाधिष्ठित समुदाय स्थापन केला. अल्जीरियातील युद्धकालीन छळ, अण्वस्त्रनिर्मिती व शेतकऱ्यांच्या जमिनींचे लष्करासाठी होणारे संपादन यांविरुद्ध त्याने केलेली उपोषणे विसाव्या शतकातील यूरोपच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाची मानली जातात. गांधीजींच्या विचारावर यूरोपात भाष्य करणारे अनेक झाले. सेवाग्रामची जीवनपद्धती तेथे प्रत्यक्ष वसवून पाहण्याचे कार्य मात्र प्रामुख्याने लांझाने केले.

पूर्वायुष्य : लांझाचा जन्म दक्षिण इटलीतील पुल्या प्रांतात सान व्हीतो देई नॉर्मान्नी येथे झाला. वडील सिसिलीतील सरदार घराण्यातील, तर आई बेल्जियममधील अँटवर्पची होती. पॅरिसमधील कोंदोर्से विद्यालयात शिक्षण झाल्यानंतर त्याने फ्लॉरेन्स व पीसा येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि १९२८ मध्ये पीसा विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. त्याच्या प्रबंधाचा विषय ख्रिस्ती त्रैक्यसिद्धांताशी निगडित होता. या अध्ययनकाळात, विशेषतः सेंट टॉमस अक्वाय्नसच्या ग्रंथांच्या परिशीलनामुळे, तो पुन्हा कॅथलिक श्रद्धेकडे वळला आणि अखेरपर्यंत कॅथलिकच राहिला. ही गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे, कारण भारतात येऊन स्वधर्माचा त्याग करणाऱ्या यूरोपीय साधकांच्या मालिकेत त्याची गणना करता येत नाही.

पहिल्या महायुद्धानंतरच्या यूरोपात आर्थिक मंदी, बेकारी व हुकूमशाही राजवटींचा उदय यांमुळे विचारवंतांमध्ये तीव्र अस्वस्थता होती. मुसोलिनीने १९३५ मध्ये इथिओपियावर आक्रमण केले, तर १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकले. दुसरे महायुद्ध टाळण्याचा मार्ग कोणता, हा प्रश्न लांझापुढे होता. रॉमँ रॉलां या फ्रेंच साहित्यिकाचे गांधीजींवरील पुस्तक १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याच्याच प्रेरणेने मॅडलीन स्लेड (मीराबेन) १९२५ मध्ये साबरमतीस आल्या होत्या. लांझाही त्याच ग्रंथाच्या वाचनातून गांधीजींकडे ओढला गेला. डिसेंबर १९३६ मध्ये त्याने यूरोप सोडला. श्रीलंका व तमिळनाडूतून प्रवास करीत, तिरुवन्नामलई येथे रमण महर्षींचे दर्शन घेऊन तो वर्ध्यास आला.

सेगावची पार्श्वभूमी : लांझा आला त्या वेळचे सेगाव हे आजचे सुविहित स्मारक नव्हते. गांधीजींनी १९३४ मध्ये काँग्रेसच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला आणि ग्रामोद्धाराच्या कार्यास वाहून घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन त्याचे केंद्र वर्ध्यास जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, उघडले. परंतु जिल्ह्याच्या गावी बसून खेड्याची सेवा होत नाही, या जाणिवेने गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्यापासून सुमारे ८ किमी. अंतरावरील सेगाव येथे राहावयास गेले. गावाची मालगुजारी बजाज यांच्याकडे होती. वस्ती मुख्यतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची होती. रस्ता धड नव्हता. हिवतापाचा उपद्रव मोठा होता. प्रथम बांधलेले ‘आदिनिवास’ आणि नंतरची ‘बापूकुटी’ या माती, बांबू व कौले यांच्या वास्तू परिसरातील साहित्यातून व स्थानिक कारागिरांच्या हातून उभ्या राहिल्या. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नामसादृश्य असल्याने टपालात घोटाळे होत. म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव ‘सेवाग्राम’ करण्यात आले. त्यामुळे लांझाच्या लेखनात वर्धा व सेगाव ही नावे येतात, याचे आश्चर्य वाटावयास नको.

हा काळ राजकीय दृष्ट्याही धामधुमीचा होता. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले. १९३७ च्या आरंभी प्रांतिक निवडणुका झाल्या आणि मंत्रिपदे स्वीकारावीत की नाहीत, यावर खल चालू होता. सरहद्द प्रांतात प्रवेशबंदी असलेले खान अब्दुल गफारखान या सुमारास वर्ध्यास राहत होते. एकीकडे देशाच्या सत्तेचा प्रश्न आणि दुसरीकडे गावातील मैलासफाई, हातसडीचे तांदूळ व घाणीचे तेल, या दोन्हींकडे एकाच गंभीरतेने पाहणारा नेता लांझास येथे दिसला.

सेगाव येथील वास्तव्य : गांधीजींच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे या पाहुण्यालाही तात्त्विक चर्चेपूर्वी काम देण्यात आले. तो सूतकताई शिकला, हातमजुरीच्या कामांत सहभागी झाला आणि सामुदायिक प्रार्थनेत बसू लागला. पीसा विद्यापीठाचा डॉक्टर असलेल्या या पंडिताला येथे जो धडा मिळाला, तो ग्रंथांत नव्हता. अहिंसा ही संकटसमयी वापरावयाची युक्ती नसून ती दैनंदिन व्यवहारातून घडते. ज्याच्या अन्नवस्त्रात दुसऱ्याचे शोषण दडलेले आहे, त्याचा सत्याग्रह अपुरा राहतो, हे सूत्र त्याने येथून उचलले. रचनात्मक कार्य आणि सत्याग्रह ही एकाच वस्तूची दोन अंगे आहेत, हा गांधीविचाराचा गाभा होय. गांधीजींच्या हयातीतही अनेक भारतीय अनुयायांनी सत्याग्रह तेवढा स्वीकारला आणि चरख्याला उपचाराचे स्थान दिले. या परदेशी कॅथलिकाने मात्र दोन्हींचा सांधा नेमका ओळखला.

त्याला हे उमगण्याचे एक कारण त्याच्या स्वधर्मपरंपरेत होते. सेंट बेनिडिक्टच्या काळापासून कॅथलिक मठजीवनात प्रार्थना व शरीरश्रम यांची सांगड घातलेली आहे. सेगावच्या आश्रमात त्याला मठाचेच रूप दिसले. फरक एवढाच, की येथे कुटुंबे होती, विविध धर्मांचे लोक होते आणि आश्रमाची दारे गावाकडे उघडी होती. शिवाय गांधीजींच्या श्रमविचाराची एक शाखा ख्रिस्ती उगमापर्यंतच पोहोचते. ज्या पुस्तकामुळे गांधीजींनी १९०४ मध्ये फीनिक्स आश्रम स्थापन केला, त्या जॉन रस्किनच्या अन टू धिस लास्टचे शीर्षक मत्तयकृत शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मजुरांच्या दृष्टांतातून आलेले आहे. दिवस मावळताना कामाला लागलेल्या मजुरालाही पूर्ण वेतन देणाऱ्या मळेवाल्याची ही कथा. पॅलेस्टाइनमधील हा दृष्टांत रस्किनमार्गे दक्षिण आफ्रिकेत व तेथून वर्ध्यास पोहोचला आणि लांझाबरोबर तो पुन्हा ख्रिस्ती यूरोपात परतला.

ख्रिस्ती विचारवंताला वर्ध्यात परके वाटू नये, असे इतरही काही तेथे होते. ग्रामोद्योग संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातील अर्थशास्त्रज्ञ होते व त्यांनी ग्रामीण अर्थकारणाची मांडणी येशूच्या शिकवणुकीशी जोडली. लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार १९४२ मध्ये सेवाग्रामला आला, तेव्हा गांधीजींच्या कुटीच्या भिंतीवर येशू ख्रिस्ताचे चित्र असल्याची नोंद त्याने केली आहे. चर्चच्या अधिकृत भूमिकेत मात्र तेव्हा ही जवळीक नव्हती. डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी रोमला गेले असता पोप अकरावे पायस यांनी त्यांना भेट नाकारली होती. व्हॅटिकनमधील क्रूसावरील ख्रिस्ताच्या मूर्तीपुढे मात्र गांधीजी भारावून उभे राहिले. या पार्श्वभूमीवर गांधीजींनी एका कॅथलिकाला ‘शांतिदास’ म्हणावे आणि त्याने ते नाव जन्मभर मिरवावे, यास विशेष अर्थ आहे.

वर्ध्याहून लांझा हिमालयात गंगायमुनेच्या उगमांकडे गेला. यूरोपात परतून कार्याची उभारणी करण्याचा आदेश आपणास जून १९३७ मध्ये तेथे झाला, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यानंतर तो यूरोपात परतला. या साऱ्याचा वृत्तांत ल पेलरिनाज ओ सूर्स (मराठी अर्थ : उगमांची यात्रा) या ग्रंथात आहे. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला मोठा वाचकवर्ग लाभला. पराभव, टंचाई आणि परकी लष्कराची सत्ता अनुभवणाऱ्या फ्रेंच वाचकांना शस्त्राविना प्रतिकार करणाऱ्या वर्ध्याच्या वृद्ध नेत्याची कथा दूरदेशीची वाटली नाही.

आर्क समुदाय : लांझाने १९४८ मध्ये सिमोन जेब्लँ या संगीतज्ञ स्त्रीशी विवाह केला. ती ‘शांतरेल’ या नावाने ओळखली जाते. त्याच वर्षी फ्रान्सच्या शाराँत विभागात तुर्निए येथे आर्कचा पहिला समुदाय सुरू झाला. पुढे त्याने ऱ्होन नदीच्या खोऱ्यातील बोलेन येथे आणि १९६३ पासून एरो विभागातील ला बोरी नोब्ल येथे वास्तव्य केले. (झाँ व्हान्ये याने १९६४ मध्ये मतिमंदांसाठी काढलेली याच नावाची संस्था सर्वस्वी वेगळी आहे.)

समुदायाच्या सभासदास सात व्रते घ्यावी लागत : श्रमसेवा, आज्ञापालन, सहजबाबदारी, आत्मशुद्धी, दारिद्र्य, सत्यनिष्ठा व अहिंसा. सत्य, अहिंसा, अपरिग्रह, शरीरश्रम इ. गांधीजींच्या एकादश व्रतांशी त्यांचे साम्य उघड आहे. ‘आज्ञापालन’ हे व्रत मात्र कॅथलिक मठपरंपरेतून आलेले आहे. सभासद स्वतः शेती करीत, सूत कातीत, कापड विणीत व भाकरी भाजीत. नांगरटीसाठी घोडे वापरले जात. विजेचा वापर टाळला जाई. ठराविक वेळाने घंटा होताच सर्वांनी हातातले काम थांबवून क्षणभर अंतर्मुख व्हावे, असा दंडक होता. निर्णय बहुमताने नव्हे, तर एकमताने घेतले जात. सहजबाबदारीच्या व्रताचा आशय असा, की सहकाऱ्याच्या दोषाचे प्रायश्चित्त प्रसंगी दुसऱ्याने स्वतः घ्यावे. फीनिक्स आश्रमातील आश्रमीयांच्या स्खलनाबद्दल गांधीजींनी १९१३ मध्ये केलेल्या उपवासाचे येथे स्मरण होते. प्रत्येकाने आपापल्या धर्मात अधिक खोलवर जावे, असा समुदायाचा आग्रह असल्याने कॅथलिकांबरोबर इतरांनाही येथे स्थान होते. त्यामुळे चर्चने मान्यता दिलेला संघ असे स्वरूप त्याला कधीच प्राप्त झाले नाही.

विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीने लांझा पुन्हा भारताकडे ओढला गेला. विनोबांच्या पदयात्रेत तो सहभागी झाला आणि १९५४ मध्ये विनोबांवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या आश्रमातून एका व्यक्तीच्या श्रमाचा संस्कार त्याने घेतला होता, त्याच परंपरेतून जमिनीच्या फेरवाटपाचा प्रश्न कसा उभा राहतो, हे त्याने येथे पाहिले.

सामाजिक न्यायासाठी लढे : अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात (१९५४–६२) फ्रेंच लष्कर संशयितांचा छळ करीत असल्याच्या वार्ता येऊ लागल्या, तेव्हा १९५७ मध्ये लांझाने पॅरिसजवळील क्लिशी येथे सहकाऱ्यांसह सुमारे तीन आठवड्यांचे उपोषण केले. या उपोषणाचा रोख शत्रूवर नसून स्वकीयांच्या विवेकबुद्धीवर होता. गांधीजींच्या उपवासतत्त्वाशी ते या बाबतीत सुसंगत होते. पुढील वर्षी ऱ्होनच्या काठी मार्कूल येथील अणुकेंद्रात आर्कच्या कार्यकर्त्यांनी अहिंसक प्रवेश केला. फ्रान्सच्या अण्वस्त्रांसाठी लागणारे प्लुटोनियम तेथे तयार होत होते आणि देशाचा पहिला अणुबाँब फेब्रुवारी १९६० मध्ये सहारात उडविला गेला. मार्कूलची निदर्शने ही फ्रान्समधील अणुविरोधी चळवळीच्या प्रारंभिक कृतींपैकी होत. अल्जीरियन संशयितांना खटल्याविना छावण्यांत डांबले जात असता ‘आम्हांसही अटक करा’ अशी मागणी करणाऱ्या स्वयंसेवकांच्या चळवळीत आर्कचा मोठा वाटा होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या काळात (१९६२–६५) लांझाने आपले लक्ष चर्चकडे वळविले. १९६३ च्या उपवासकाळात (लेंट) त्याने रोममध्ये चाळीस दिवस उपोषण केले. पोपने युद्ध व अण्वस्त्रे यांविरुद्ध निःसंदिग्ध बोलावे, एवढीच त्याची विनंती होती. तेविसावे जॉन यांचे ‘पाचेम इन तेर्रिस’ (पृथ्वीवर शांती) हे परिपत्रक ११ एप्रिल १९६३ रोजी प्रसिद्ध झाले. उपोषणामुळेच परिपत्रक निघाले, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. त्याचे लेखन आधीपासूनच चालू होते. तथापि चर्चमधील सामान्य श्रद्धाळूंची शांततेची आकांक्षा या उपोषणाने ठसठशीतपणे व्यक्त झाली, हे खरे. ऑक्टोबर १९६५ मध्ये परिषदेच्या अखेरच्या सत्रात शांतरेलच्या पुढाकाराने वीस स्त्रियांनी रोममध्ये दहा दिवस उपोषण केले. अमेरिकेतील ‘कॅथलिक वर्कर’ चळवळीची संस्थापिका डॉरथी डे तीत सहभागी होती. डिसेंबर १९६५ मध्ये परिषदेने स्वीकारलेल्या घटनापत्रात संपूर्ण शहरांच्या सरसकट संहाराचा निषेध आणि विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांना कायद्याने मानवी वागणूक मिळावी, असा निर्वाळा आढळतो. डॉरथी डे हिची व तिच्या चळवळीची कागदपत्रे मिलवॉकी येथील मार्क्वेट विद्यापीठाच्या अभिलेखागारात जतन केलेली आहेत. कॅथलिक शांतताकार्याच्या अभ्यासकाला वर्धा, रोम व अमेरिका यांच्यातील हे धागे तेथे मागोवा घेण्याजोगे आहेत.

लांझाच्या कार्यातील सर्वांत फलद्रूप लढा लार्झाकचा होय. दक्षिण फ्रान्समधील या पठारावरील लष्करी छावणीचे क्षेत्र सुमारे ३,००० हेक्टरांवरून १७,००० हेक्टरांपर्यंत वाढविण्याचा निर्णय १९७१ मध्ये जाहीर झाला. मेंढपाळ-शेतकरी त्यामुळे विस्थापित होणार होते. ला बोरी नोब्लपासून हे पठार दूर नाही. मार्च १९७२ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या लांझाने ला काव्हालरी या गावी पंधरा दिवस उपोषण केले. त्याच्या अखेरीस १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची शपथ घेतली. हे शेतकरी बहुतांशी श्रद्धाळू कॅथलिक व राजकारणापासून दूर राहणारे होते. क्रांतीच्या भाषेने ते बिचकले असते; उपवास व शपथ ही भाषा त्यांना परिचयाची होती. पुढील दहा वर्षे मोर्चे, मेंढ्यांसह पॅरिसमध्ये निदर्शने, करांचा काही भाग रोखणे व बेकायदा ठरविलेली बांधकामे अशा मार्गांनी लढा चालला. आर्कचे काही सभासद पठारावरील लष्कराने विकत घेतलेल्या एका शेतावर जाऊन राहिले. फ्रान्स्वा मितराँ यांची अध्यक्षपदी निवड झाल्यानंतर १९८१ मध्ये विस्ताराची योजना रद्द झाली. हा विजय पाहण्यास लांझा हयात नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत स्पेनमध्ये त्याचे निधन झाले होते.

ग्रंथरचना व विचार : काव्य, नाटक, शुभवर्तमानावरील भाष्य व सामाजिक चिंतन असे त्याचे विविध लेखन आहे. सामाजिक विचाराच्या दृष्टीने ले कात्र फ्लेओ (१९५९, म. अर्थ : चार अरिष्टे) हा ग्रंथ महत्त्वाचा. दैन्य, गुलामी, युद्ध आणि बंडाळी ही चार अरिष्टे निसर्गनिर्मित नसून मानवाच्या लोभ व सत्ताकांक्षा यांतून उद्‌भवतात, असे प्रतिपादन त्याने केले. यांतील कोणतेही अरिष्ट दुसऱ्याच्या साहाय्याने नाहीसे होत नाही; बंडाने गुलामी व युद्धाने बंड संपत नाही. म्हणून उपभोग कमी करणारे, आपल्या गरजा आपल्या श्रमाने भागविणारे छोटे समुदाय हाच त्याच्या मते उपाय होता.

मूल्यमापन : लांझाच्या कार्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. आर्कची सभासदसंख्या नेहमीच अल्प राहिली. संस्थापकाच्या पश्चात प्येर पारोदी या वैद्यक व्यावसायिकाने धुरा सांभाळली, तरी पुढील दशकांत समुदायांचा विस्तार ओसरला. यंत्राविषयीची त्याची भूमिका गांधीजींपेक्षाही कठोर होती. कारखान्यात राबणाऱ्या यूरोपीय कामगाराला तीत स्थान मिळणे अवघड होते. समुदायात एकमताचे तत्त्व असूनही संस्थापकाला कुलपतीचे स्थान होते आणि आज्ञापालन व एकमत यांच्यातील ताण पूर्णपणे सुटला नाही.

याहून मूलगामी प्रश्न सेगावच्याच संदर्भात उद्‌भवतो. आश्रमातील दारिद्र्य हे व्रत होते. कुंपणापलीकडील अस्पृश्यांचे दारिद्र्य ही त्यांच्यावर लादलेली स्थिती होती. स्वेच्छेने टाकलेली संपत्ती आणि जन्मतःच नाकारलेली संपत्ती यांच्यात जो फरक आहे, तो लांझाच्या भारतविषयक लेखनात पुरेसा उमटत नाही. भारतीय परंपरेच्या आध्यात्मिक सौंदर्याने तो इतका मोहित झाला होता, की जातिव्यवस्थेच्या अन्यायाची चिकित्सा त्याच्याकडून दुर्लक्षिली गेली. याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर खेड्याच्या गौरवाला जी हरकत घेत होते, तिचे उत्तर आश्रमी साधेपणात मिळत नाही. पुढे अल्जीरियन कैदी व लार्झाकचे शेतकरी यांच्या प्रश्नांना त्याने हात घातला, तेव्हा मात्र त्याची करुणा न्यायाच्या मागणीपर्यंत पोहोचली. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या माणसाने जमीन राखू पाहणाऱ्यांच्या बाजूने उपोषण केले, ही त्याच्या विचाराची प्रगत अवस्था होय.

गांधीजींना १९३१ मध्ये भेट नाकारणाऱ्या व्हॅटिकनमधून १ जानेवारी २०१७ च्या जागतिक शांतता दिनाचा संदेश निघाला, तो अहिंसेवर होता. पोप फ्रान्सिस यांनी त्यात गांधीजी व खान अब्दुल गफारखान या दोघांचा नामोल्लेख केला. या परिवर्तनामागे दोन महायुद्धे, अण्वस्त्रांची भीती व अनेकांचे परिश्रम आहेत. त्या परिश्रमांतील एक आरंभबिंदू वर्धा जिल्ह्यातील मातीच्या कुटीत, एका कॅथलिक पंडिताच्या हाती दिलेल्या टकळीपाशी सापडतो. सेवाग्रामच्या इतिहासात राजकीय बैठका व ठराव यांना मोठे स्थान आहे. परंतु तेथील दिनक्रम शिकून दूरदेशी गेलेल्या माणसांचे कार्य हाही त्या इतिहासाचाच भाग असून त्यात लांझा देल व्हास्तोचे स्थान अग्रभागी आहे.